आभासी बाजार आणि म्हशाची यात्रा

(म्हसा येथे महाविद्यालयीन विद्यार्थी व शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराच्या यात्रेत येथे गुरांचा बाजार भरतो. बैलाचे दात पाहणारा शेतकरी, बैलाची खोड लपवणारा विक्रेता आणि दोघांच्या मध्ये उभा राहणारा दलाल ही माणसे अर्थशास्त्रातला एक अवघड सिद्धान्त पुस्तक न उघडता जगत असतात. मालाचे दोष विकणाऱ्यालाच ठाऊक असतील, तर चांगल्या मालालाही योग्य भाव मिळत नाही, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले. बैलबाजार पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. पण त्याचे ज्ञान ज्ञान म्हणून कोणी मोजत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत विद्यापीठाचा वर्ग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आला. पडदा सुरू आणि मन दुसरीकडे, हा अनुभव सार्वत्रिक ठरला. त्यावर आता संगणकीय आभासी विश्वाचा उपाय सुचवला जातो. तो सर्वस्वी नवा नाही. २००३ साली ‘सेकंड लाइफ’ हे विश्व सुरू झाले आणि परदेशी विद्यापीठांनी तेथे सभागृहे उभारली. त्यांपैकी कित्येक पुढे ओस पडली. भिंती नव्या असल्या, तरी आत जुनेच व्याख्यान चालले, तर विद्यार्थी तेथे का थांबेल?

व्हर्नन स्मिथ यांनी १९५६ साली अमेरिकेतील आपल्या वर्गालाच बाजार बनवले. काही विद्यार्थी विक्रेते, काही ग्राहक. प्रत्येकाची किंमतमर्यादा गुप्त. बोली सुरू झाली आणि भाव सिद्धान्ताने सांगितलेल्या पातळीजवळ स्थिरावला. या प्रयोगपरंपरेला २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेथे यंत्र नव्हते. निर्णय मात्र विद्यार्थ्याचा होता. गोडी निर्णयात असते, चित्रांच्या झगमगाटात नव्हे.

मग आभासी विश्वात म्हशाचा बाजार का भरू नये? नांदेडचा विद्यार्थी विक्रेता, मुंबईची विद्यार्थिनी ग्राहक, मुरबाडचा दलाल. प्रथम दोष लपवून सौदे व्हावेत, नंतर पशुवैद्यकाचा दाखला सक्तीचा करून भाव कसा बदलतो ते पाहावे. एकमेकांपासून दूर बसलेल्यांना असा अनुभव देणे, हेच या साधनाचे खरे सामर्थ्य.

तथापि या बाजारात प्रवेश कोणाला? राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. इंटरनेटची सोय १४.९ टक्क्यांकडे. नंतर भ्रमणध्वनी पसरले, परंतु महागडी उपकरणे मागणारे शिक्षण जुनी विषमता नव्या पडद्यावर उमटवील. म्हणून मागणी स्पष्ट हवी : आभासी वर्ग साध्या भ्रमणध्वनीवर आणि मराठीत चालावा, अधिक साधने लागली, तर ती तालुक्याच्या अभ्यासकेंद्रात सार्वजनिक खर्चाने ठेवावीत. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने अभ्यासकेंद्रांची वाट घालून दिलीच आहे.

जुन्या ठाणे जिल्ह्यातच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली. आभासी विश्वाची कसोटी हीच राहील : ते म्हशाच्या मुलाला दुसऱ्याच्या जगात पाहुणा म्हणून बसवते, की त्याच्या जगापासून शिकण्यास आरंभ करते?