बाप असणं हेही कामच आहे

(प्रभागसंघाच्या जानेवारीच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



कर्जतच्या वाड्यांवरून, खालापूरच्या गावांतून तुम्ही घरचं आवरून आलात. बचत, कर्जफेड, नवीन प्रस्ताव हे विषय आहेतच. त्याआधी पाच मिनिटं एका माणसाची आठवण काढूया. डॉ. अनिल अवचट. २७ जानेवारी २०२२ ला ते पुण्यात गेले. त्यांची आठवण आपल्या सभेत कशाला, असं वाटेल. पण तिचा आपल्या हप्त्याशी संबंध आहे.

अवचट जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. जन्म १९४४ चा. शिकले डॉक्टरकी, पण रमले लिहिण्यात. हमाल, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, अशा माणसांत जाऊन बसायचे, त्यांचं ऐकायचे आणि लिहायचे. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा मनाच्या डॉक्टर. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्यांची नोकरी. मग मुक्ता आणि यशोदा या दोन लहान मुलींना कोण बघणार? अवचटांनी ते आपलं काम मानलं. बायको नोकरीला जाते आणि नवरा मुलींचं करतो, याची त्यांना लाज वाटली नाही. उलट ‘स्वतःविषयी’ या पुस्तकात त्यांनी घरातलं सगळं मोकळेपणानं लिहिलं. मुलींना घातलं म्युनिसिपालिटीच्या शाळेत. कागदाला घड्या घालून पक्षी-प्राणी करायचे, बासरी वाजवायचे. मुलांत बसून मूल व्हायचे.

आपल्याकडे नवऱ्यानं पोर जरा कडेवर घेतलं तरी आपण म्हणतो, “बाई, किती मदत करतो!” तायांनो, ती मदत कशी? पोर त्याचंही आहे ना? आपण लावणीला जातो, वीटभट्टीवर जातो, खोपोलीला कामाला जातो, वर गटाची सभा. घरी येऊन चूल आपलीच. बापाचं काम बापानं केलं तर ते उपकार नाहीत.

आता दुसरी गोष्ट. आपल्या नोंदवहीत ‘हप्ता थकला’ एवढंच लिहितात. का थकला, याला रकाना नाही. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, बऱ्याचदा कारण बाटलीत असतं.

पुण्यात पोरं गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या नादी लागत होती, तेव्हा अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हेलावले, त्यांनी पैशाची मदत केली. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. सुनंदाताईंनी ते उभं केलं. तिथे मारहाण नाही, अपमान नाही. व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार आहे, असं धरून काम चालतं. रुग्णाच्या बायकोलाही तिथे बोलायला जागा मिळते, कारण तिचं मनही मोडलेलं असतं. १९९७ ला सुनंदाताई कॅन्सरनं गेल्या, पण काम थांबलं नाही. मानसशास्त्र शिकलेल्या मुक्ता पुणतांबेकर आज ते पुढे नेतात. यशोदा वाकणकर फिट येणाऱ्या माणसांसाठी काम करतात. बापानं हुंड्यासाठी पैसा साठवला नाही, वेळ दिला. तो वेळ असा फळाला आला.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी सांगते.

पहिली. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातीची पावडर भाजीत घालू नका. त्याला न सांगता औषध दिलं आणि वर तो प्यायला, तर जीवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करणंही धोक्याचं. त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

दुसरी. मोबाईलमध्ये हे नंबर आत्ताच घालून ठेवा. व्यसनासाठी १४४४६. मनाच्या त्रासासाठी १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. दोन्ही सरकारी आहेत, फोनला पैसे पडत नाहीत. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे वेडं असणं नव्हे. ताप आला की आपण दवाखान्यात जातोच ना? पण आजार आहे म्हणून मार खायचा नाही. त्यानं हात उचलला तर गटातल्या बायांना सांगा. १८१ ला फोन करा.

तिसरी गोष्ट घरातली. मुलगा जेवला की ताट त्यालाच उचलू द्या. बहिणीची वेणी घालू द्या, भावाला खेळवू द्या. मोठा झाल्यावर नवऱ्याला शिकवणं अवघड, हे आपण भोगलंय. पण उद्याचे बाप आज आपल्याच पदराला धरून उभे आहेत.

अवचटांसारखी पुस्तकं सगळ्यांना लिहिता येणार नाहीत. पण पोराला कडेवर घेणं कुठल्याही बापाला जमतं, कर्जतमध्ये जमतं, खालापुरातही जमतं. पुढच्या सभेत प्रत्येक गटानं सांगायचं, आपल्या गावात असा बाप कोण आहे. त्याचं नाव आपण टाळ्या वाजवून घेऊ.

चला, आता हजेरी घेऊया.