ब्रश जिथे पोहोचत नाही

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात आपल्या एका सभासद दंतवैद्य भगिनींनी केलेले भाषण)



दातांची डॉक्टर बोलायला उभी राहिली की लोक आधी तोंड मिटून घेतात. घाबरू नका, आज कोणालाही ‘आ करा’ म्हणणार नाही. एकच गोष्ट सांगणार आहे, रोज फ्लॉस करण्याची.

आपल्या दोन विंगांच्या मधे एक अरुंद बोळ आहे. पुढचं-मागचं आवार रोज झाडलं जातं, पण त्या बोळात झाडू नीट शिरत नाही. आठ दिवस दुर्लक्ष झालं की काय होतं, ते तळमजल्यावरच्या मंडळींना विचारा! तोंडातही तेच. दाढेला पाच बाजू असतात. गालाकडची, जिभेकडची आणि चावण्याची बाजू ब्रशने साफ होते. शेजारच्या दातांना टेकलेल्या दोन बाजूंपर्यंत ब्रशचे केस नीट पोहोचत नाहीत.

तिथे जंतूंचा चिकट थर साचतो. तो चूळ भरून जात नाही. लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच तो दगडासारखा घट्ट होतो, मग दवाखान्यातच काढावा लागतो. हिरड्या सुजतात, रक्त येतं. इथपर्यंत सगळं पूर्ववत होऊ शकतं. पण पुढे दाताभोवतीचं हाड झिजलं, तर ते आपोआप भरून येत नाही. आणि हे सगळं बहुधा न दुखता होतं! भिंतीतल्या गळतीसारखं. दात हलायला लागला की पेशंट येतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

“रक्त येतं म्हणून मी तिथे ब्रशच लावत नाही,” हे वाक्य मी नेहमी ऐकते. करायला हवं नेमकं उलट. नीट सफाई सुरू केली की साधारण एक-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं. नाही झालं तर दाखवून घ्या. धूम्रपान करणाऱ्यांचं रक्त कमी येतं, म्हणून त्यांचा आजार लपून राहतो. मधुमेह असेल तर हिरड्यांचा त्रास बळावतो, आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखरही आटोक्यात राहत नाही.

आता पद्धत. साधारण दीड फूट दोरा घ्या. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मधे इंचभर ताणून धरा. करवतीसारखा हळूच पुढे-मागे करत फटीत उतरवा, झटका देऊ नका. मग एका दाताला अर्धगोल वेढा देऊन हिरडीच्या किंचित खालपर्यंत वर-खाली घासा, नंतर शेजारच्या दाताला. प्रत्येक फटीसाठी दोऱ्याचा नवा भाग वापरा. दिवसातून एकदा पुरे, रात्री झोपण्यापूर्वी उत्तम. फटी मोठ्या असतील किंवा ब्रिज बसवला असेल तर फटीत जाणारा छोटा ब्रश मिळतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. मुलांचे दात एकमेकांना टेकू लागले की आई-बाबांनी करून द्यावं. पण सेफ्टी पिन आणि खराट्याची काडी कृपया नको, हिरडीला जखम होते.

कोणी म्हणेल, फ्लॉसचे पुरावे कच्चे आहेत अशी अमेरिकेतली बातमी २०१६ साली वाचली होती. मोठे, दीर्घ काळाचे अभ्यास कमी आहेत, हे खरं. पण २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात, ब्रशच्या जोडीला फ्लॉस केल्यास हिरड्यांची सूज नुसत्या ब्रशपेक्षा कमी होऊ शकते, असंच दिसलं. म्हणून ब्रशऐवजी नव्हे, ब्रशच्या जोडीला.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलेले बरेच जण आज ज्येष्ठ नागरिक आहेत. दात पडणं हा म्हातारपणाचा नियम नाही, तो बहुतांशी टाळता येतो. सुवर्णमहोत्सवाच्या जेवणात भाजलेलं कणीस ठेवायला मी कमिटीला आत्ताच सांगून ठेवते. ते आपल्याच दातांनी खायचं आहे!