सालाझारला फॅसिस्ट म्हणावे का?



परवा वर्गात एका मुलाने विचारले, "मास्तर, सालाझार फॅसिस्ट होता का?" शिक्षक होताना आम्ही व्याख्या पाठ केली होती : एकच पुढारी, एकच पक्ष, गणवेशातल्या टोळ्या, विरोधकांना तुरुंग, जनतेला सदैव चेतवत ठेवणे आणि युद्धाची भूक. ती मी फळ्यावर लिहिली आणि स्वतःच अडखळलो.

सालाझार कुइंब्राचा प्राध्यापक. १९३२ मध्ये पंतप्रधान झाला. गर्दीचे त्याला वावडे. मुसोलिनीचा कित्ता गिरवणाऱ्या निळ्या सदऱ्यांच्या संघटनेवर त्यानेच १९३४ मध्ये बंदी घातली. महायुद्धात तटस्थ राहिला. उलट १९४३ मध्ये अझोर्स बेटांवर इंग्रजांना तळ दिला. म्हणजे मासा जाळ्यातून सुटला म्हणायचे!

पण थांबा. त्याची १९३३ ची कामगार सनद मुसोलिनीच्या १९२७ च्या सनदेवरून उचललेली. संप करणे गुन्हा. १९३७ च्या कायद्याने तिथल्या कोळ्यांसाठी 'मच्छीमारांची घरे' काढली. अडल्यानडल्याला मदत मिळे, हे खरे. पण अध्यक्ष कोण, तर बंदराचा सरकारी कप्तान! नावेच्या मालकाशी भांडायला कोळ्यांची स्वतःची संघटना नाही. विचार करा, आपल्या रापणीच्या वाट्याचा तंटा असा सरकारी कप्तानाने मिटवला असता तर? वर गुप्त पोलीस होतेच. आपल्या गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागे. १९४६ मध्ये त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना लष्करी न्यायालयाने ८ वर्षांची सजा ठोठावली आणि पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबले.

गंमत अशी, की ज्या इटलीत हा शब्द जन्मला, तिथेही राजा गादीवर होताच. २५ जुलै १९४३ ला त्यानेच मुसोलिनीला बडतर्फ केले. 'सारी सत्ता एका हाती' ही व्याख्या खुद्द मुसोलिनीच्याही अंगाला नीट बसत नाही. व्याख्या विद्वानांनी मागाहून विणल्या. जाळ्याचा आस मोठा ठेवला तर सालाझार सुटतो. बारीक केला तर जगातले निम्मे हुकूमशहा अडकतात. रॉबर्ट पॅक्स्टनसारखे इतिहासकार त्याला हुकूमशहा म्हणतात, फॅसिस्ट म्हणत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण "फॅसिस्ट नव्हता" हे ऐकून "म्हणजे बराच होता" असे म्हणणारे आपल्या गावातही आहेत. माझे भांडण त्यांच्याशी आहे.

२५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालच्या सैनिकांनीच ती राजवट उलथली. १९७६ च्या त्यांच्या संविधानाच्या प्रास्ताविकात तिचा उल्लेख 'फॅसिस्ट राजवट' असाच आहे, आणि तो आजही पुसलेला नाही. मुलाला मी तेवढेच सांगितले. तोवर घंटा झाली.