घरच्या मजुरीचा रकाना

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं थोडं जास्त, कारण तुमची फी कोणत्या पिकाच्या पैशातून भरली हे त्यांनाच ठाऊक.

अल्पभूधारकाची शेती फायद्याची आणि टिकाऊ कशी करावी, यावर बोला असं मला कळवलं आहे. मी संशोधक नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झाले आणि एका बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागले. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 मध्ये झालं आणि त्यानंतर खेड्यापाड्यांत शाखा उघडल्या, त्यांतल्याच काही शाखांत माझी नोकरी गेली. करमाळा, सांगोला, जामखेड, कर्जत; सगळा कोरडवाहू मुलूख. निवृत्त झाल्यावर सांगोल्याजवळ वडिलांच्या वाट्याची चार एकर कसते आहे. त्यामुळे जे सांगणार आहे ते कर्जप्रकरणांच्या फायलींतून आणि बांधावरून आलेलं आहे.

विहीर, मोटार, पाइपलाइन, दोन संकरित गाई, काहीही असो, कर्जप्रकरणाला उत्पन्न-खर्चाचा तक्ता जोडावा लागे. बियाणं, खतं, औषधं, नांगरट, मजुरी, वाहतूक. मजुरीच्या रकान्यात फक्त बाहेरून लावलेल्या माणसांचे पैसे लिहायचे. घरचं माणूस वर्षभर राबलं तरी तिथे शून्य. त्या शून्याच्या जोरावर तक्ता नफ्यात यायचा, प्रकरण मंजूर व्हायचं आणि सातबारावर बोजा चढायचा. मुलांनो, आज मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे, ती ही की हे शून्य खोटं आहे. ते तुम्ही पुढे चालवू नका.

करमाळा तालुक्यातलं एक घर मला विसरता येत नाही. पाइपलाइनचं प्रकरण होतं, एकरभर रांगडा कांदा. घरधनी खर्चाचे आकडे तोंडपाठ सांगत होता. त्याची बायको ओसरीवर रोपांच्या जुड्या बांधत बसली होती. तिला विचारलं, ‘वहिनी, मागच्या कांद्याला तुमचे किती दिवस गेले?’ ती म्हणाली, ‘दिस कोन मोजतंय मॅडम? घरचंच हाय की.’ मी म्हटलं, आज मोजू. मग ती सणावारांवरून मोजायला लागली. गणपतीत रोप टाकलं. दसऱ्याच्या सुमाराला लावण. एका एकराला वीस-पंचवीस बायका लागतात, त्यांत ती, तिची सासू आणि थोरली मुलगी धरलेल्या. दिवाळीच्या आधी एक खुरपणी, नंतर एक. संक्रांत झाल्यावर काढणी, मग पात कापणं, निवडणं, गोण्या भरणं. शिवाय लाइट रात्रीची, म्हणून नवरा दारं धरायला निघाला की बॅटरी घेऊन हिनं बरोबर जायचं. काढणीच्या दिवसांत मुलगी शाळेत नव्हती, हे तिनं न विचारता सांगितलं.

मी कागदाच्या पाठीमागे त्या सगळ्यांची मजुरी रोजगार हमीच्या दराने मांडली. कांदा तोट्यात गेला. घरधनी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला आणि म्हणाला, ‘म्हंजी आमी हिला फुकाट राबवतूय म्हना की.’ तो कागद मी प्रकरणाला जोडला. शाखेतून तो काढून टाकायला सांगण्यात आलं. हे लावलं तर प्रकरण बसणार नाही, आणि मार्चअखेरचं उद्दिष्ट राहून जाईल, असं मला ऐकवलं गेलं. त्या उत्तराचा राग मला आजही आहे. कागद खरा होता म्हणून तो नको होता.

उद्दिष्टांचा विषय निघाला आहे तर मार्च महिन्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पीककर्ज मार्चअखेर भरायचं आणि लगेच नव्याने उचलायचं, याला सगळीकडे ‘नवं-जुनं’ म्हणतात. भरायला घरात पैसा नसतो. मग गावातला कुणी चार दिवसांसाठी पैसे देतो, त्या चार दिवसांचं व्याज कापून घेतो आणि बँकेच्या वहीत खातं नियमित दिसतं. वसुलीचा तक्ता भरला म्हणून शाखेचं कौतुक होतं. ते व्याज कोणत्याही तक्त्यात लिहिलेलं मी पाहिलं नाही. शेतकऱ्याच्या घरात मात्र ते बायकोच्या अंगावरच्या मण्यांतून जातं.

2008 सालची कर्जमाफीही मी खिडकीवर बसून राबवली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याचं थकीत कर्ज पूर्ण माफ, त्यापुढच्याला एकरकमी बाकी भरली तर पंचवीस टक्के सूट. पाटपाण्याखाली चार एकर ऊस असलेला अल्पभूधारक ठरला आणि माळरानावर सहा एकर खडक असलेला मोठा शेतकरी ठरला. ज्यानं पोटाला चिमटा काढून हप्ते वेळेवर भरले होते त्याच्या वाट्याला काहीच आलं नाही. यादी लावली त्या दिवशी एक म्हातारे बाबा तिच्यासमोर उभे राहून आपलं नाव शोधत होते. नाव नव्हतं. त्यांची जमीन दोन हेक्टरांहून थोडी जास्त होती. विदर्भातल्या कोरडवाहू कापूसवाल्यांचंही असंच झालं. एकर मोजले, पाणी मोजलं नाही.

पाणी मोजणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. विलासराव साळुंखे पुण्यात कारखाना चालवणारे अभियंते. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात त्यांनी देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कसायला घेतली, उतारावर बांध घातले, पाझर अडवला, विहीर काढली. त्यातून 1974 मध्ये पाणी पंचायत उभी राहिली. तिथलं पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटत नसत, माणशी वाटत. एका माणसाला अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला फार तर अडीच एकराचं, भूमिहीनालाही त्याचा हिस्सा, आणि उसाला बंदी. नोकरीच्या सुरुवातीला मी नायगाव पाहायला गेले होते. उघड्या माळावर ज्वारी आणि भाजीपाल्याचे तुकडे हिरवे होते आणि कुणाच्या वाट्याला किती पाणी, हे तिथल्या बाईनंही मला सांगितलं. एवढा साधा हिशेब घराघरात पोचवायला आपल्या खात्यांना का जमलं नाही, हा प्रश्न मला पुढे कितीतरी बैठकांत पडला. उत्तर मिळालं नाही. प्रत्येक योजनेत पाइप आला, बोअर आलं, शेततळं आलं. वाटपाची वही आली नाही. आता सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागांसाठी एका रानात किती बोअर मारले आहेत, हे मालकालाही आठवून सांगावं लागतं.

डाळिंबाचंच बघा. 1990 मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली आणि आमच्या माळरानांना ‘गणेश’ आणि नंतर ‘भगवा’ या वाणांनी खरोखर पैसा दाखवला. माझ्या हाताखालून त्या कर्जांच्या फायली गेल्या आणि त्या घरांतली मुलं शिकली, हे मी आनंदानं सांगते. मग तेल्या आला, मर आली, फवारण्या वाढल्या. एका पिकावर सगळं घर टांगलेलं असलं की रोग येतो तेव्हा आधी घरचीच मजुरी कापली जाते. गडी कमी केला जातो आणि पाठीवर पंप चढतो तो मुलाच्या किंवा सुनेच्या.

बाजारात माल नेलेल्यांना ‘उलटी पट्टी’ माहीत असेल. कांदा विकला, त्यातून हमाली, तोलाई, भाडं वजा झालं आणि शेतकऱ्याकडेच बाकी निघाली. पूर्वी आडतही शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापत. 2016 मध्ये भाजीपाला आणि फळांची आडत खरेदीदारावर गेली, तोवर किती पिढ्यांनी ती भरली. 1980 मध्ये चाकणला शेतकरी नेते शरद जोशींनी कांद्यासाठी रस्ता अडवला, त्यामागे हाच हिशेब होता. त्या उलट्या पट्टीतसुद्धा घरच्या बाईची मजुरी धरलेली नसते. कृषी मूल्य आयोग दिल्लीत बसून घरच्या श्रमाचं मोल हिशेबात धरतो. आपल्या ओसरीवर मात्र ते धरलं जात नाही. आणि कांद्याला, डाळिंबाला, दुधाला तर आयोगाचा हमीभाव नाहीच.

माझ्या चार एकरांत आज सव्वा एकर मालदांडी ज्वारी आणि करडई, अर्धा एकर शेवगा, थोडी तूर, बाकी चारा आणि बांधावर लिंब आहेत. दोन गाई, उस्मानाबादी शेळ्या. माझी भावजय बरोबर काम करते. तिची आणि माझी मजुरी दर आठवडी बाजारच्या दिवशी वहीत लिहून तिच्या खात्यात आणि माझ्या खात्यात जमा होते. गोठ्यातला सकाळ-संध्याकाळचा वेळही त्यात धरलेला आहे. अशी वही लिहायला लागल्यावर कांदा आम्ही सोडला. शेळ्या, कडबा आणि घरी भरडून विकलेली तूरडाळ यांतून मजुरी वजा जाऊनही पैसा उरतो, हे तेव्हाच दिसलं. त्याच वहीत शेणखताच्या गाड्या आणि विहिरीत मार्चअखेर किती परस पाणी आहे ते लिहितो, कारण तेही कुणी बिल पाठवत नाही म्हणून उचललं जातं. ज्या वर्षी पाणी खाली गेलं त्या वर्षी चाऱ्याचं रान कमी केलं.

महाराष्ट्रात 1970-71 मध्ये सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये ती 1.34 वर आली. तुमच्यातले बरेच जण या तुकड्यांतूनच आलेले आहात. काही बँकेत जातील, काही खतं-औषधांच्या कंपन्यांत, काही स्पर्धा परीक्षांना बसतील, काही परत रानात. तुम्ही कुठेही असा, कुणाच्या तरी शेतीचा प्रकल्प अहवाल तुमच्यासमोर येणार आहे. त्यात घरच्या मजुरीचा रकाना नसेल तर हातानं रेघ ओढून घाला. वरिष्ठ काढून टाका म्हणतील. काढू नका. आणि आकडा विचारताना घरधन्याला नाही, ओसरीवर बसलेल्या बाईला विचारा. तिला वेळ द्या, ती सणावारांवरून बरोबर सांगते.

कुलगुरू महोदय, एक विनंती आहे. आपले विद्यार्थी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात राहतात. तिथे प्रत्येकानं एका घराचा एका हंगामाचा श्रमाचा हिशेब लिहावा, पुरुष, बायका आणि मुलं वेगवेगळी दाखवून, आणि त्याला गुण असावेत. पुढच्या वर्षी त्या वह्या गोळा झाल्या तर मी स्वतः इथे राहुरीला येऊन वाचायला तयार आहे.