खेळाच्या संगणकाचा प्रोसेसर : निवड आणि वेग



सुटीत घरी आलेली मुले हल्ली हटकून एक मागणी करतात : खेळ चालतील असा संगणक हवा. तो घेऊन चार दिवस झाले की म्हणतात, "याचा वेग आणखी वाढवता येतो." तेव्हा प्रोसेसर निवडावा कसा, आणि वेग वाढवायचाच झाला तर कुठवर वाढवावा, याचा आज विचार करू.

प्रोसेसर म्हणजे चारएक सेंटिमीटर लांबीरुंदीचा चौकोनी तुकडा. खेळात चेंडू कुठे गेला, गाडी कशाला धडकली, हा सारा हिशेब तो करतो. त्या हिशेबाचे चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. ही दोघे म्हणजे एका जुवाखालची बैलजोडी समजा. एक बैल मंद असला, तर दुसरा कितीही तडफदार असो, गाडी मंद बैलाच्याच चालीने जाणार. म्हणून सगळा पैसा प्रोसेसरात घालू नये. खेळांसाठी सहा गाभ्यांचा, म्हणजे सिक्स कोअर, प्रोसेसर सर्वसाधारण घराला पुरतो. २०२२ साली निघालेले रायझन ५ ५६०० आणि कोअर आय५ १२४०० हे दोन्ही या जातीचे. उरलेला पैसा ग्राफिक्स कार्डाकडे वळवावा.

संगणक घरात असेल, तर मंद बैल कोणता हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. खेळातल्या चित्राची सूक्ष्मता, म्हणजे रिझोल्यूशन, कमी करून पाहावे. सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या वाढली, तर अडसर ग्राफिक्स कार्डाचा. फारशी वाढली नाही, तर प्रोसेसरचा. पहिल्या प्रकारात प्रोसेसरचा वेग वाढवून पदरात काहीच पडत नाही.

खोक्यावरच्या गिगाहर्ट्झच्या आकड्यानेही भुलून जाऊ नये. रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरचा वेग त्याच्या थोरल्या भावाहून, ५८००एक्सहून, कमी आहे. तरी बहुतेक खेळांत तो पुढे जातो. कारण त्याच्या पोटातली कॅश ३२ ऐवजी ९६ मेगाबाइटची आहे. लागणारी माहिती हाताशी असली की खेपा वाचतात, बरे का!

आता वेग वाढवण्याविषयी. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ ठोका गुणिले गुणक. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए निघाला. त्याचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार, म्हणून वेग सुमारे ३००. हौशी लोकांनी मूळ ठोका १०० केला आणि साडेचाराने ४५० झाले. दीडपट वेग फुकटात! अशा गोष्टी ऐकून मुलांना वाटते, आजही तसेच होईल. पण आजचे प्रोसेसर उष्णता आणि विजेचा अंदाज घेऊन आपला वेग आपणच वाढवतात. कारखान्याने राखून ठेवलेली शिल्लक ते बरीचशी आधीच खर्च करतात. आपल्या हाती उरते ती थोडी.

ती किती महाग पडते पाहा. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ५ टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही ५ टक्के वाढवावे लागले, तर १.०५ चा घन करा. उत्तर येते सुमारे १.१६. म्हणजे उष्णता १६ टक्के जास्त, आणि सेकंदाला ६० चित्रे उमटत होती तिथे फार तर ६३.

एवढे समजून करायचेच असेल, तर आधी आपला प्रोसेसर खुल्या गुणकाचा आहे का ते पाहावे. इंटेलमध्ये नावापुढे 'के' हे अक्षर आणि झेड जातीचा मदरबोर्ड लागतो. रायझन बहुतेक खुले असतात, पण बोर्ड बी किंवा एक्स जातीचा हवा. मग गुणक एकाने वाढवावा. व्होल्टेज नेहमीचे ठेवावे. ते 'ऑटो'वर सोडले, तर काही बोर्ड आपणहून जास्त चढवतात. त्यानंतर तासभर कसोटी घ्यावी. प्राइम ९५ हा कार्यक्रम मूळचा मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी केलेला आहे. त्याला उत्तरे माहीत असलेली गणिते तो घालतो आणि एक जरी चुकले तरी सांगतो. चूक निघाली किंवा तापमान ८५ अंशांपुढे गेले, की एक पायरी मागे यावे आणि तिथेच थांबावे.

ही कसोटी हिवाळ्यात घेऊन भागत नाही. खोली २५ अंशांवर असताना ७५ अंश दाखवणारा प्रोसेसर चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात, ४२ अंशांच्या खोलीत, ९० पार करील. तेवढे तापल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे सारा खटाटोप वाया. त्यापेक्षा चांगला पंखा आणि पेटीतली धूळ झाडणे यांचा उपयोग अधिक.

जादा व्होल्टेज प्रोसेसर झिजवते. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर खेळताना बंद पडू लागले. प्रमाणाबाहेरचे व्होल्टेज हे त्याचे कारण असल्याचे कंपनीने मान्य केले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. पण आपण होऊन वेग वाढवल्याने बिघडलेल्या प्रोसेसरला हमी लागू होत नाही.

शिवाय घरात संगणक बहुधा एकच असतो. प्रवेशाचे अर्ज, दुकानाचा हिशेब, बहिणीचा अभ्यास, सारे त्यावरच. वेग अति झाला तर यंत्र बंदच पडेल असे नाही. एखादा आकडा गुपचूप चुकेल, एखादी फाइल खराब होईल, आणि ते महिन्याने कळेल. म्हणून आधी महत्त्वाच्या कागदांची प्रत दुसरीकडे ठेवावी, आणि मगच हात लावावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेच्या संगणकावर हा प्रयोग होऊ देऊ नये. पण एखाद्या मुलाने घरी केला, तर त्याला गुणक, तापमान आणि चित्रसंख्या यांचा तक्ता करायला सांगावे आणि त्याचा आलेख काढायला लावावा. एक रेघ झपाट्याने वर चढते आणि दुसरी जागची हलत नाही, हे त्याने स्वतः काढून पाहिले, म्हणजे कुठे थांबायचे ते वेगळे सांगावे लागणार नाही.