मृतसाठ्यातील जीवन



आपल्या मराठवाड्यातली तळी बहुतेक माणसाने बांधलेली आहेत. कंधारचा जगत्तुंग तलाव राष्ट्रकूटांच्या काळातला. नांदेडजवळ विष्णुपुरीचा शंकरसागर आणि लातूरची तहान भागविणारे धनेगावचे मांजरा धरण ही गेल्या शतकातली. आपण ती भिंतीवर उभे राहून पाहतो आणि एकच प्रश्न विचारतो : साठा किती टक्के? आमची विनंती अशी की, हेच पाणी एकदा वल्ह्याच्या होडीतून पाहावे.

यंत्राच्या होडीचा आवाज ऐकताच पक्षी उठतात. भोई मात्र आपल्या चप्पूवर बसून जाळे टाकीत असतो आणि बदके थोड्या अंतरावर निश्चिंत चरत असतात. त्याची ती संथ गती आपणही घ्यावी. थव्यावर सरळ चालून जाऊ नये, तिरपे जावे. पक्ष्यांनी माना वर केल्या की वल्हे थांबवावे. दूरच्या प्रवासासाठी त्यांनी अंगी साठविलेली चरबी आपल्या कौतुकापायी खर्ची पडू नये.

मग दिसू लागते ती मौज! काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला तो वारकरी. काळ्या चोचीच्या बुडाशी तांबडे ठिपके आणि टोकाला पिवळा रंग असलेले ते हळदी-कुंकू बदक. ही नावे ज्यांनी ठेवली त्यांनी हे पक्षी जवळून न्याहाळले होते, हे उघड आहे. हिवाळ्यात चक्रवाक येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारे पट्टकदंब हंस तर तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात उतरतात.

आता हे सारे सापडतात कोठे? खोल मध्यभागी फार थोडे. जेथे वल्हे तळाला टेकते, पाणवनस्पती अंगाला लागतात, चिखल उघडा पडतो, त्या काठाशी खरी वस्ती असते. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते, वनस्पती वाढतात, त्यांत किडे, गोगलगाई आणि माशांची पिले पोसली जातात. पावसाळ्यात टिबुकली तेथेच तरते घरटे बांधते आणि बाहेर जाताना अंडी शेवाळाने झाकून जाते. कमळपक्ष्याची मादी पानांवर अंडी घालून निघून जाते; उबवण्याचे काम नर करतो. पाणी एकाएकी चढले वा उतरले, तर त्याचा संसार उधळतो.

जलाशयातील सर्वांत खालच्या दाराच्याही खाली जे पाणी उरते, त्याला अभियंते मृतसाठा म्हणतात. हिशेबाला शब्द योग्य आहे. परंतु उन्हाळ्यात मासे, कासवे आणि पाणपक्षी तग धरतात ते याच पाण्यावर! २०१६ साली मांजरा धरण आटले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आणावे लागले. माणसांसाठी गाडी आली, ती यायलाच हवी होती. माशांसाठी आणि कासवांसाठी कोणती गाडी येणार? भोयांचे जाळेही त्या पाण्याबरोबरच कोरडे पडते, हे विसरून चालणार नाही.

तहानलेल्या गावाने पाणी उपसू नये, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तशी पाळी येऊ नये म्हणून आधीच्या पावसाळ्यापासून पिकांचा व उपशाचा हिशेब व्हावा, आणि त्या हिशेबात तळाच्या पाण्याचाही एक वाटा राखलेला असावा. पाणी उतरते तशी गाळपेर पुढे सरकते. शेतकऱ्याचे पोट त्यावर आहे. तरी पाण्यालगतचा एक पट्टा न नांगरता सोडता येईल. त्यासाठी काठच्या गावांनी, भोयांनी आणि शहरातल्या आपण मंडळींनी एकत्र बसले पाहिजे.

येत्या हिवाळ्यात एका सकाळी आपल्या मुलांना घेऊन पाण्यावर जा. काठचा भोई बरोबर घ्या, त्याला पक्ष्यांची नावे विचारा आणि ती लिहून ठेवा. पुढे साठ्याचे टक्के वर्तमानपत्रात वाचताना, त्या आकड्यात कोण कोण राहते हे त्या मुलांना ठाऊक असेल.