धरण उशाला, कोरड घशाला



ही म्हण आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मोरबे धरण खालापूर तालुक्यात, त्याचं पाणी नवी मुंबईला. आणि एप्रिल-मे आला की आपल्या वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन निघतात.

आज बोलायचंय ते म्हणीच्या घडणीबद्दल. चारच शब्द. दोन उलट गोष्टी समोरासमोर बसवल्या, शेवट जुळवला. मध्ये ‘पण’ नाही, ‘तरीसुद्धा’ नाही. ते ऐकणाराच मनात जोडतो, म्हणून विसरत नाही. 1915 सालापासून खोपोलीत टाटांची वीज तयार होते. ती गेली मुंबईच्या गिरण्यांना, इथल्या पाड्यांवर पुढे कित्येक वर्षं कंदीलच. आता हेच म्हणीसारखं बांधा: ‘वीज मुंबईला, कंदील वाडीला.’ जमलं की नाही?

शाळेतला विरोधाभास अलंकार थोडा वेगळा. तिथे विरोध नुसता दिसतो, खोलात गेलं की मिटतो. आपल्या म्हणीतला मिटत नाही. टँकर आला तर दोन दिवस मिटतो.

एका ग्रामसभेत गटातली एक ताई पाण्यावर बराच वेळ बोलली. सगळं खरं, पण विस्कटलेलं. ठरावात काहीच उतरलं नाही. पुढच्या सभेला आम्ही वाक्य बांधूनच गेलो: “पाइप दारात आला, पाणी नाही आलं.” आणि लगेच आकडे: घरं किती, नळ किती, किती दिवस कोरडे. वाक्यामुळे माना वर झाल्या, पण लिहून घेतले ते आकडे. त्यामुळे नुसतं वाक्य घेऊन जाऊ नका.

हे हत्यार आपल्यावरही चालतं बरं का. ‘बाप्याने बाहेरचं बघावं, बाईने घर सांभाळावं.’ कानाला कसं तोललेलं वाटतं! तोललेलं म्हणून खरं वाटतं. मग आषाढात चिखलात वाकून आवणी कोण करतं? डोक्यावर भाजीची पाटी घेऊन कर्जतच्या बाजारात कोण बसतं? ‘मुलगा वंशाचा दिवा, मुलगी परक्याचं धन’ हेही तसलंच. आमच्या गटात आईच्या औषधपाण्यासाठी कर्ज काढणाऱ्या लग्न झालेल्या लेकी आहेत. असं वाक्य कुणी तोंडावर फेकलं, तर आधी विचारा, या दोन गोष्टी खरंच उलट आहेत का, आणि समोरासमोर कुणी बसवल्या?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या गावाबद्दल असं एक वाक्य बांधून आणा. आणि हो, हप्ताही आणा.